चार स्पेस

दुपारी फोंड्याच्या बाजारातली निम्मी दुकानं शटर ओढून निजलेली असतात, नेमक्या त्याच वेळी माझ्या भाचीला शंका येतात. परवा तिने पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम पाठवला. "मामा, हा चालतच नाही." क्लासच्या नोट्सच्या पीडीएफमधून उचललेला. सगळ्या ओळी डावीकडे भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि अवतरणचिन्हं छापील पुस्तकातल्यासारखी वळलेली. पायथनला सरळच लागतात.

सी ही दुसरी भाषा असती तर महिरपी कंसांनी सांभाळून घेतलं असतं. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली यावरच ती कोणाची ते ठरतं. दहा फेऱ्या मारणाऱ्या 'फॉर'खालचा 'प्रिंट', म्हणजे छापायचा हुकूम, आत असेल तर दहा वेळा उमटेल, बाहेर असेल तर एकदाच. सगळं सपाट झाल्यावर त्याचं मूळ ठिकाण ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

ब्राउझरही असाच सपाट करणाऱ्यांच्या पंथातला. सलग दहा स्पेस द्या, दाखवणार एक. 'प्री' टॅगमध्ये, म्हणजे 'जसंच्या तसं दाखव' या खुणेत, घातलं तर जागा जपतो, पण तिथेही 'पेक्षा लहान'च्या चिन्हाला चिकटून अक्षर आलं की टॅग समजून पुढचं गिळून मोकळा.

आमचे तबल्याचे मास्तर चौकटीच्या वहीशिवाय शिकवायला बसत नसत. म्हार्दोळला देवळाच्या सभामंडपात मांडी घालून ते त्रिताल लिहून देत: एका चौकटीत एक मात्रा, सोळा चौकटी, समेखाली फुली, नवव्या मात्रेखाली शून्य. 'धा' एकाच चौकटीत ऐसपैस बसायचा, आणि 'तिरकिट'लाही तेवढीच जागा, दाटीवाटीने. अक्षरं किती, याच्याशी चौकटीला देणंघेणं नाही. कोणी साध्या वहीत उतरवून आणलं की मास्तर शून्यावर अंगठा ठेवून सरळ वर नेत. वर भलताच बोल लागला की वही परत, चहा बंद. सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारा फॉन्ट मी प्रथम पाहिला, तेव्हा मला आधी त्या अंगठ्याचीच आठवण झाली.

तेव्हापासून म्हणा, ओळ आत सरकवायला चार स्पेस हा माझा सोवळ्याचा विषय. पायथनवाल्यांची लेखनशैलीची नियमावली, पेप ८, हाच दंडक सांगते; लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, लोक मात्र स्पेसऐवजी आठ रुंदीचा टॅब मारतात. एक टॅबवाला सहकारी म्हणतो, रुंदी ज्याची त्याने ठरवावी, हीच खरी लोकशाही.

असेल. माझ्या घरात ती नाही.