तिच्या वहीतल्या सात फाइली

संगणकाचं कॅबिनेट टेबलावर ठेवायच्या आधी तिने वही ठेवली. "काका, सगळं लिहून आणलंय. कधी बंद पडलं, तेव्हा काय चालू होतं, सगळं."

मी वही बाजूला सारली आणि झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. वीस वर्षं मशीन जोडतोय. गिऱ्हाइकाच्या वहीत काय असणार, "स्क्रीन काळी झाली" हेच. असा माझा समज.

ती प्रोग्रामर आहे. दिवसा सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा गेम लिहिते आणि रात्री दुसऱ्यांचे खेळते. मशीन मीच जोडून दिलेलं: रायझन 7 7700एक्स, 16 जीबीच्या दोन स्टिक म्हणजे 32 जीबी डीडीआर5 रॅम, एनव्हीएमई एसएसडी. तीन आठवड्यांपूर्वी तिने नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. त्याच खेपेला म्हणाली, कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणताना, रॅम पुरत नाही, 64 करून द्या. साहजिक होतं. या प्रोसेसरला 8 कोर आणि 16 थ्रेड. तिचं बिल्ड, म्हणजे अख्खा गेम कंपाइल करणं, एका वेळी 16 फाइली कंपाइलरला देतं, आणि त्यातली एकेक जड फाइल जीबीच्या वर मेमरी खाते. मी आधीच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणखी एक जोडी रिकाम्या दोन स्लॉटमध्ये बसवून दिली. पाच मिनिटांचं काम.

त्यानंतरची तक्रार अशी: गेम तासन्‌तास चालतो, कंपाइल मात्र मध्येच तुटतं. कधी कंपाइलर स्वतःच कोसळतो, एकदा अख्खं मशीन रीस्टार्ट झालं.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. मशीनमधला सगळ्यात महाग भाग नवा असला की चोर तोच. मी ग्राफिक्स कार्ड काढलं, टेबलावरचं जुनं लावलं, ड्रायव्हर पुसून नवे टाकले आणि तिला कंपाइल करायला सांगितलं. तुटलं. मग एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला. पुन्हा तुटलं. मधल्या वेळात माझा हाताखालचा पोरगा तापमान बघून ओरडला, "पंच्याण्णव!" त्याला समजावलं की 7700एक्सला 95 अंश म्हणजे ताप नव्हे. पूर्ण भार आला की ही पिढी तिथवर जाते आणि मग वेग सांभाळून तिथेच थांबते, तिची रचनाच तशी आहे. तरी खात्रीसाठी कूलर उचलून त्याखालची उष्णता वाहणारी पेस्ट नवी लावली. तुटलंच.

यात सकाळ गेली. ती शेजारच्या स्टुलावर बसून होती, घरी जाऊन करणार काय, कामाचं यंत्र माझ्यासमोर उघडं पडलेलं. शेवटी तीच हळूच म्हणाली, "काका, वही बघितली का?"

वहीत सात नोंदी होत्या. तारीख, वेळ, फाइलचं नाव, ओळ. सातही वेळा फाइल वेगळी. एकदा टेक्स्चर लोड करणारी, एकदा आवाजाची, एकदा तर कुठल्याशा तयार लायब्ररीतली, जिला तिने हातही लावलेला नव्हता. आणि प्रत्येक नोंदीपुढे बारीक अक्षरात एकच शेरा: "परत चालवलं, झालं."

मी वही घेऊन उभाच राहिलो. कोडमधली चूक अशी वागत नाही. ती त्याच फाइलीत, त्याच ओळीला, हजार वेळा तशीच भेटते. कंपाइलर दरवेळी नव्या जागी कोसळत असेल आणि तीच फाइल दुसऱ्या खेपेला बिनतक्रार पार होत असेल, तर पहिला संशय रॅमवर जायला हवा. लिनक्सवर जीसीसी हा कंपाइलर वापरणारी जुनी माणसं तर "सिग्नल 11", म्हणजे प्रोग्राम मेमरीत भलत्या पत्त्यावर गेल्याचा इशारा, हे शब्द ऐकले की आधी रॅम तपासायची. मला हे ठाऊक होतं. वही उघडली असती तर सकाळी नऊलाच आठवलं असतं.

"पण मग गेम कसा चालतो?" पोराने विचारलं. प्रश्न चांगला होता. गेमच्या मेमरीचा मोठा हिस्सा चित्रांचा आणि आवाजांचा. त्यात एखादा बिट, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य, उलटला तर कुठल्यातरी दगडावरचा एक ठिपका क्षणभर वेगळ्या रंगाचा दिसेल, कोण बघतंय? कंपाइलरच्या मेमरीत मात्र पत्त्यांचं जाळं असतं, हा इकडे बोट दाखवतो, तो तिकडे. तिथे एक बिट फिरला की बोट भलतीकडे जातं आणि सगळं कोसळतं.

आता मी मशीनमध्ये नीट डोकावलो. चारही स्लॉट भरलेले. माझ्याच हातचे. बायोस उघडलं: एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणारी सेटिंग, चालू, वेग 6000. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, रॅमची चाचणी, लावला आणि दहा-अकरा मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या.

पोरगा म्हणाला, "म्हणजे एक स्टिक खराब आहे, वॉरंटीत पाठवू." मीही तेच धरून चाललो होतो. जुनी जोडी ठेवून नवी काढली, 6000 वरच चाचणी लावली. तासाभराने एक पूर्ण फेरी झाली, एकही चूक नाही. मग जुनी काढून नवी लावली. तीही स्वच्छ. म्हणजे चारही स्टिक धडधाकट होत्या, फक्त चौघींना एकत्र नांदता येत नव्हतं.

इथे माझी चूक सांगायला हवी. डीडीआर4 च्या काळात तसल्याच आणखी दोन स्टिक टाकल्या की बहुतेक वेळा निभावून जायचं. हाताला तीच सवय. डीडीआर5 वर तसं नाही. एकाच चॅनलच्या, म्हणजे प्रोसेसर ते रॅम या वाटेच्या, तारेवर दोन स्टिक लटकल्या की तारेवरचा भार वाढतो, सिग्नल परतून येऊन एकमेकांत मिसळतात, आणि इतक्या वेगात शून्य आणि एक ओळखायला मिळणारा वेळ फार थोडा उरतो. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, त्यामुळे मदरबोर्ड कितीही भारी घेतला तरी यातून पूर्ण सुटका नाही. एएमडीच्या तक्त्यात या प्रोसेसरसमोर स्पष्ट छापलंय: दोन स्टिक असतील तर 5200, चार असतील तर 3600. खोक्यावरचा 6000 हा आकडा मुळातच ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं, आणि तोही त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरता. दोन खोकी एकत्र केल्यावर काय होईल याचं वचन कुणीच दिलेलं नसतं. तक्ता माझ्याच संगणकात होता. उघडला नव्हता, वहीसारखाच.

तिने विचारलं, "पण डीडीआर5 मध्ये चुका दुरुस्त करायची सोय आतच असते ना?" असते, पण ती चिपच्या पोटातली. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत काय बिघडतं त्याच्याशी तिचा संबंध नाही. सर्व्हरला वेगळी ईसीसी रॅम लागते ती त्यासाठीच.

चाचण्या चालू असताना बराच वेळ रिकामा होता आणि तेवढ्यात तिच्या कीबोर्डचं प्रकरण निघालं. तिच्या गेममधला एक बग तिला महिनाभर सापडत नव्हता: तिरकं पळताना पात्र उडी मारत नाही. तिने इनपुटचा अख्खा भाग दोनदा नव्याने लिहिला होता. कीबोर्ड बॅगेतच होता, साधा मेम्ब्रेनचा. मी म्हटलं, दोन्ही शिफ्ट दाबून ठेव आणि सगळी अक्षरं एकेक करून टाइप कर. तिने केलं. पडद्यावर सहा अक्षरं उमटलीच नाहीत. ती माझ्याकडे बघायला लागली. स्वस्त कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. काही तीन बटणं एकदम दाबली की चौथंही दाबल्यासारखं भासतं, म्हणून कीबोर्ड शहाणपणा करून तिसरं बटण कळवतच नाही. तिच्या कीबोर्डात ते तिसरं बटण डब्ल्यू आणि ए सोबतचं स्पेस होतं. कोड पहिल्यापासून बरोबर होता.

"महिना गेला माझा," ती म्हणाली आणि हसत सुटली.

ही मुलगी काही बिघडलं की आधी स्वतःच्या कोडवर संशय घेते. मी आधी महागड्या भागावर घेतो. दोघंही त्या दिवशी सारखेच चुकलो होतो.

नवा कीबोर्ड कुठला, यावर मी फार बोललो नाही. एन-की रोलओव्हर असलेला, म्हणजे कितीही बटणं एकदम दाबली तरी सगळी कळवणारा घे, आवाज करणारी निळी स्विच घेऊ नकोस, रात्री घरात बाकीचेही झोपलेले असतात. लाल सरळ खाली जातात, तपकिरी मध्ये हलकी अडखळतात. बोटांना काय आवडतं ते दाबूनच कळतं. मॉनिटरवरून मात्र वाद झाला. तिला ओएलईडी हवा होता. खेळायला त्याला तोड नाही, काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण ती दिवसाचे आठ तास एडिटरसमोर असते. बऱ्याच ओएलईडी पडद्यांत लाल, हिरवा, निळा ठिपका नेहमीच्या ओळीत नसतो, आणि विंडोज अक्षरं गुळगुळीत करताना तो नेहमीच्याच ओळीत असल्याचं धरून चालतं. मग बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची किनार दिसते. शिवाय तोच टास्कबार, तीच फाइलींची यादी वर्षभर एकाच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर उमटण्याची भीती. मी 27 इंची, 1440पी, आयपीएस, म्हणजे नेहमीचा एलसीडी, सुचवला. "बघते," असं म्हणाली. म्हणजे ओएलईडीच घेणार.

रात्री चारही स्टिक पुन्हा लावल्या, वेग 3600 वर आणला. सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच. पोरगा घाबरला, पण रॅम बदलली की हे मशीन पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेत बसतं. त्या वेळात बटण दाबून बंद करणारे हात मी अनेकदा अडवलेत. सकाळी बघितलं तर रात्रभरात एकही लाल ओळ नव्हती.

ती आल्यावर तिच्यासमोर दोन मार्ग ठेवले. चार स्टिक 3600 वर चालवायच्या, पण मग हा प्रोसेसर मंद रॅमवर गेममध्ये अडखळतो. नाहीतर 32 च्या दोन स्टिकची एकच जोडी, वेग 6000. तिने दुसरा निवडला. जुन्या चारही मी परत घेतल्या. चूक माझी, तिला भुर्दंड कशाला? नव्या जोडीच्या दोन फेऱ्या दुपारपर्यंत स्वच्छ झाल्या.

एक काळजी मात्र राहिली होती. तीन आठवडे चुकीच्या मेमरीतून डिस्कवर जे लिहिलं गेलं त्याचं काय? मी तिला गिट एफएससीके, म्हणजे कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटची तपासणी, चालवायला लावलं. गिट प्रत्येक वस्तूची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, हॅशने, पटवतं, त्यामुळे एक बिट जरी बदलला तरी ते बोलतं. बोललं. एक वस्तू खराब निघाली. तिची प्रत सर्व्हरवर होती म्हणून वाचलो. कोडच्या बाहेरची चित्रं, आवाज, तिचे बाकीचे कागद यांची खातरजमा करणारं कुणीच नव्हतं. ती सगळी जुन्या बॅकअपशी ताडून बघ असं सांगितलं. त्यात मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

मग तिने पूर्ण बिल्ड लावलं. सोळाही थ्रेड भरले, रॅम 40 जीबीच्या पुढे गेली, तापमान 95 ला टेकलं, या वेळी पोरगा गप्प. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. शेवटाजवळ येऊन तुटलं.

माझ्या पोटात गोळा आला. ती काही न बोलता पुन्हा एंटर दाबून बसली. पुन्हा तुटलं. तीच फाइल, तीच ओळ, 212. तिने तिसऱ्यांदा चालवलं. 212.

"ही माझी आहे," ती खूश होऊन म्हणाली आणि फाइल उघडली.