रिव्हरवर पॉटपेक्षा मोठी बेट: 'कधी' हे मला कसं उमगलं

पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात झाकलेली दोन पानं असतात, आणि रिव्हर म्हणजे टेबलवर उघडणारं पाचवं, शेवटचं पान. पॉट म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, बेट म्हणजे आपण लावलेल्या. रिव्हरवर पॉटपेक्षा मोठी बेट कधी लावायची, हे शिकताना सुरुवात मी गणितापासून केली, कारण ते पाठ करता येतं. पॉट 100 चिप्सचा आणि बेट 150 ची असेल, तर समोरच्याला (त्याचे स्वतःचे धरून) 400 चिप्स जिंकायला 150 घालावे लागतात. म्हणजे निदान 37.5 टक्के वेळा तो जिंकणार असेल तरच कॉल (तेवढ्याच चिप्स घालून पुढे जाणं) परवडतो. माझा निव्वळ ब्लफ (हात कमजोर असताना लावलेली बेट) असेल तर तोटा टाळायला त्याने निदान 60 टक्के वेळा फोल्ड करायला (पानं टाकून द्यायला) हवं. पण एवढ्यावरून बेट किती ठेवायची ते कळतं, कधी ठेवायची ते कळत नाही.

ते कळलं जुने हात (खेळलेले डाव) परत काढून बघताना. प्रत्येक हाताला मी एकच प्रश्न विचारत गेलो: इथे सगळ्यात भारी हात कुणाकडे असू शकतात?

समजा, टेबलवर पानं यायच्या आधी मी रेज केलं (बेट वाढवली), त्याने कॉल केला. टेबलवर एक्का, राजा, छक्की, मग अठ्ठी, शेवटी दुर्री. फ्लश (एकाच रंगाची पाच पानं, जशी सगळी बदाम) नाही, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) शक्य नाही. फ्लॉप (पहिली तीन पानं) आणि टर्नवर (चौथं पान) त्याने नुसता कॉल केलाय. हातात दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असता तर त्याने पहिल्याच फेरीत परत रेज केलं असतं. म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याकडे एक्क्याची एक जोडी, आणि ती सोडवत कुणालाच नाही! इथे मी 150 लावतो.

गंमत पुढे आहे. या जागी मला एक्का-राजापेक्षा दोन छक्क्या जास्त आवडतात. एक्का माझ्याच हातात असला तर त्याच्याकडे एक्का-नव्वी असण्याचे 8 प्रकार उरतात. माझ्याकडे छक्क्या असल्या तर 12. पैसे देणारं गिऱ्हाईक आपणच कशाला कमी करा?

ब्लफसाठी राणी-गुलाम घेतो, स्ट्रेटसाठी दश्शीची वाट बघून फसलेले. या मापाच्या बेटमागे पाच खऱ्या हातांना तीन ब्लफ, हे प्रमाण. मात्र कधीच फोल्ड न करणारा समोर असेल तर ब्लफ बंद, खरे हात चालू. पॉटमध्ये तिघे असतील तर मी सहसा या भानगडीतच पडत नाही.

रिव्हरला फ्लश पूर्ण करणारं पान आलं तर चित्र पालटतं. इतका वेळ कॉल करणाऱ्याकडे तोच फ्लश असू शकतो, त्यामुळे माझे सेट (हातातली जोडी आणि टेबलवरचं तेच पान, अशी तीन) लहान बेटवर किंवा चेकवर (बेट न लावता पुढे जाणं) येतात. त्या रंगाचा एक्का माझ्याकडे असेल, तर सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे नाही एवढं नक्की, आणि तेव्हा मोठा ब्लफ विचारात घेतो.

अजून अडतं ते टर्नवर मी चेक केलेल्या हातांत. तिथे माझेच भारी हात कमी उरलेले असतात. मग मोठी बेट लावायला तो मोकळा, आणि कॉल करायचा की नाही याची डोकेफोड माझ्याकडे.