मामांची एक जत्रा

कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा मामांच्या पायांना सूज होती. जिना उतरताना दोनदा थांबले. त्यांच्या हृदयाचं पंपिंग 25 टक्क्यांवर आलंय आणि दिवसभरात पाणी दीड लिटरच्या वर प्यायचं नाही. डोंबिवलीत लेकीकडे असतात ते आता. मला फोन करून एवढंच म्हणाले होते, "डॉक्टरान वर्साचा सांगल्यान. म्हणजे एकच जत्रा गावतली. माका घेऊन जा."

मामा दशावतारी, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकातले नट. चाळीसेक वर्षं त्यांनी राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका केली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आज या गावी, उद्या त्या गावी. सुरुवातीच्या काळात तर पेटारा डोक्यावर घेऊन चालतच जायचे.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या रस्त्याला लागलो. मोचेमाडची खाडी आली तशी मामांनी काच खाली करायला लावली आणि बराच वेळ तोंडावर वारा घेत बसून राहिले. आरवलीला वेतोबाच्या पाया पडलो. तिथे नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव त्या घालून रात्री गावभर फिरतो आणि तळवे झिजतात, अशी श्रद्धा. मामा त्या चपलांसमोर खूप वेळ उभे होते. "रात्रीचो चलणारो देव आमचो," म्हणाले.

आमचं गाव तिथून जवळच. धाकटे मामा तिथेच राहतात, अजूनही रंग लावतात. या दोघांत 22 वर्षं बोलणं नव्हतं.

कारण सांगायला हवं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद मात्र पात्रानं उभ्या उभ्या रचायचा. त्या रात्री द्यूताचा प्रसंग होता. थोरले मामा धर्मराज, धाकटे दुर्योधन. कर्ज फेडायला थोरल्यांनी आजीची काजूची बाग भावाला न विचारता विकली होती. भर सभेत दुर्योधन म्हणाला, "धर्मराजा, राज्य पणाला लावण्याआधी आईची बागही तूच विकलीस ना?" सगळ्या गावाला कळलं. पखवाजवाल्याचा हातसुद्धा क्षणभर थांबला, असं आई सांगायची. मामांनी पहाटेपर्यंत धर्मराज निभावला, नाटकाच्या शेवटचा दहीकाला केला आणि गाव सोडलं.

मला विचाराल तर बाग विकणं चूकच होतं. पण नाटकातल्या ज्या बाकड्याला आपण सिंहासन मानतो, त्याच्यापुढे घरातलं भांडण आणणं, तेही मला कधी पटलं नाही.

रात्री पालखी झाली. खाज्याच्या दुकानांमधून वाट काढत मामा थेट देवळामागे गेले, जिथे मंडळी तोंडाला रंग लावत होती. मी हात धरला होता. धाकटे मामा जमिनीवर मांडी घालून बसलेले, हातात छोटा आरसा. त्यांनी आरशातच पाहिलं. कोणीच काही बोललं नाही. पलीकडे पायपेटीवाला सूर धरून बघत होता.

मग धाकट्यांनी आरसा खाली न ठेवता काडी पुढे केली.

"दादा, डावी भुवय माका जमणा नाय. काड बगूया."

मामा खाली बसले. बसायलाच मिनिट गेलं. "माजो हात थरथरता रे."

"थरथरांदे."

भावाची हनुवटी डाव्या हातात धरून मामांनी भुवई काढली. ती वाकडी झाली, टोकाला जाडसर फाटा फुटला. पुसायला कापूस तिथेच होता. धाकट्यांनी आरशात बघितलं, मुकुट चढवला आणि तसेच उठले.

पूर्ण नाटक मामांनी खुर्चीत बसून पाहिलं. मी दोनदा म्हटलं, घरी जाऊन पडूया. त्यांनी ऐकलंच नाही. राजा गर्जत होता आणि गावातली माणसं त्या भुवईकडे बघत एकमेकांना कोपरानं खुणावत होती. मामांचे ओठ हलत होते, भावाच्या वाक्यावरचं उत्तर ते मनातल्या मनात रचत असावेत.

उजाडता उजाडता दहीकाला झाला. सकाळच्या गोळीची वेळ झाली होती. मी पिशवीत बाटली शोधत होतो, तेवढ्यात रंग न उतरवताच धाकटे मामा तांब्या-भांडं घेऊन आले आणि शेजारी टेकले.

"अर्ध्याच भांडा," थोरले म्हणाले. "जास्त चलणा नाय आता."

धाकट्यांनी अर्धं भांडं ओतून दिलं. त्यांची गोळी गिळून होईपर्यंत थांबले, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतः प्यायले.