सणाचं जेवण घशाखाली उतरत नसेल तर

'चालत नाही' आणि 'आवडत नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याचं निम्मं अवघडलेपण त्यांची गल्लत केल्यामुळेच येतं.

ॲलर्जी, पथ्य, धर्माने वर्ज्य असलेलं काही, हे आमंत्रण स्वीकारतानाच सांगायचं. आदल्या रात्री सांगितलं तर सामान आणून झालेलं असतं आणि यजमानाची धावपळ होते. नेमका घटक सांगा, कारण तो चटणी-मसाल्यात न दिसताही असू शकतो. ॲलर्जी असताना भिडेखातर एक घासही नको. काहींना अगदी थोड्या अंशानेही गंभीर त्रास होतो, आणि एकच डाव सगळ्या भांड्यांत फिरला असेल तर बाजूला काढलेलं अन्नही सुरक्षित नसतं.

म्हणूनच नुसत्या नावडीला ॲलर्जीचं नाव देऊ नये. यजमान तुमच्यासाठी वेगळी भांडी काढतो, वेगळं शिजवतो. आणि खोटेपणा उघडा पडला की पुढे खरी ॲलर्जी असलेल्या माणसावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हे मला फार गैर वाटतं.

नावडीचा प्रश्न ताटावरच सोडवायचा. डाव ताटावर येण्याआधीच 'अगदी थोडं, एक चमचा' म्हणा. वाढून झाल्यावर हात आडवा धरण्यात अर्थ नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा मोठा असतो, आणि गरम पदार्थाचा वास जास्त येतो. त्यामुळे तो थोडा निवू द्या, लहान घास घ्या, मधे मधे आवडीचं काही खा. एकदाचं संपवून टाकू म्हणून नावडता पदार्थ आधी फस्त केला, तर ताटातली रिकामी जागा पाहून यजमान आनंदाने पुन्हा वाढतो. त्यातला शेवटचा घास इतरांचं जेवण आटोपेपर्यंत ठेवा.

पुन्हा आग्रह झाला तर 'पुरे आता, पोट भरलं' एवढंच हसून म्हणा. कारणं देऊ नका. प्रत्येक कारणावर यजमानाकडे तोड असते. मात्र त्यानंतर दुसऱ्या पदार्थावर ताव मारू नका. घरून निघताना थोडं खाऊन निघालात तर उपाशी राहण्याची धास्ती उरत नाही, पण भरल्या पोटी जाऊ नका.

स्तुती खरी आणि नेमकी हवी. जे आवडलं त्याचंच नाव घ्या. नावडत्या पदार्थाचं तोंडदेखलं कौतुक केलंत, तर पुढच्या वर्षी तो खास तुमच्यासाठी होईल. काहीच आवडलं नसेल, तर एवढ्या माणसांचं वेळेवर आणि गरम वाढणं हेही मनापासून दाद देण्याजोगंच काम आहे.

दरवर्षीचं, जवळचं घर असेल तर मात्र खरं सांगून टाकावं. सणाच्या दिवशी नव्हे, चारचौघांत नव्हे. एरवी कधीतरी, एकट्याने गाठून, एकाच पदार्थाबद्दल: 'मला ते जमत नाही, माझ्यासाठी करू नका.'