‘वाईटासाठी वापरू नका’ या एका ओळीपाशी अडलेलं पॅकेज

आमच्या कंपनीचे सर्व्हर डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. हवं ते सॉफ्टवेअर डेबियनमध्ये नसेल, तर त्याचं पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल असा संच, बांधून तिथे पोचवणं हा माझ्या कामाचा भाग. त्या दिवशी एका नव्या सहकारी मुलीने बांधलेलं पॅकेज तपासायला घेतलं. बिल्ड स्वच्छ, टेस्ट सगळ्या पास. ‘कॉपीराइट’ फाइल मात्र चार ओळींची: सगळ्या फायली, एक नाव, आणि जीपीएल ३ हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स.

“ताई, मूळ लेखकाने लायसन्स दिलंय ना? तेच लिहिलं.”

ही फाइल प्रत्येक पॅकेजबरोबर वापरणाऱ्याच्या मशीनवर उतरते. डेबियनवरच बेतलेलं उबुंटू वापरत असाल तर तुमच्याकडेही अशा शेकडो फायली आहेत. कोणता कोड कुणाचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या अटींवर दिलेला, हे त्यात लिहायचं. जीपीएलचा पूर्ण मजकूर सिस्टिममध्ये असतोच, त्यामुळे नुसता हवाला चालतो. एमआयटी या दुसऱ्या, छोट्या लायसन्सचा मात्र शब्दन् शब्द उतरवावा लागतो. नवं पॅकेज आलं की डेबियनमधला छाननी करणारा गट ही फाइल मूळ कोडशी ताडून बघतो.

आम्ही लायसन्सचेक हे फायलींमधली लायसन्सं शोधणारं साधन चालवलं आणि मग एकेक फाइल उघडून वाचायला बसलो. बाहेरून आणलेल्या कोडच्या फोल्डरमध्ये जेएसमिन निघालं, जावास्क्रिप्ट कोड आटोपशीर करणारं, डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रॅमरचं, २००२ सालचं. लायसन्स वरवर पाहता एमआयटीचंच. फक्त मध्ये एक जास्तीचं वाक्य, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही.

“यात चुकीचं काय आहे?” तिने विचारलं.

प्रश्न रास्त होता. पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? लष्कराने वापरलं तर? दारूच्या कारखान्याने? डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं (डीएफएसजी) १९९७ची आहेत, आणि त्यातलं सहावं कलम स्पष्ट आहे: लायसन्सने कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला आडकाठी करू नये. याच वाक्यापायी डेबियनला पीएचपी या भाषेतला जेसन (JSON) स्वरूपातला डेटा हाताळणारा मूळ कोड काढून दुसरा घ्यावा लागला होता, आणि २०१६ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प चालवणाऱ्या अपाची फाउंडेशननेही हे लायसन्स आपल्या प्रकल्पांसाठी बंद केलं. क्रॉकफर्ड यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. तरीही सदिच्छा म्हणून लिहिलेली ओळ लायसन्समध्ये आली की ती कायदेशीर अट होते, आणि अशी अट मी वापरणाऱ्यांच्या गळ्यात घालणार नाही. जेएसमिनचा उपयोग फक्त बिल्डच्या वेळी होता. तिथे डेबियनमध्ये असलेलं, तेच काम करणारं अग्लिफायजेएस बसवलं, जेएसमिनची फाइल मूळ कोडच्या टारबॉलमधूनच (गठ्ठ्यातूनच) काढली आणि त्या तत्त्वांसाठी काही काढलंय हे कळावं म्हणून व्हर्जनला ‘+डीएफएसजी’ जोडलं.

दुसरी फाइल जास्त अवघड निघाली. सी भाषेतलं एक छोटं फंक्शन, वर ना नाव ना लायसन्स. “पण कोड उघड ठेवलाय की!” ती म्हणाली. उघड ठेवणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही नोंदणीची गरज नाही. लिहिलं की हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा. त्याने काहीच म्हटलं नसेल, तर दुसऱ्याला ते वाटण्याची मुभा नाही.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास चाळून मूळ लेखकाचा पत्ता काढला आणि ईमेल केली. संध्याकाळी आनंदाने लिहिलेलं उत्तर आलं: डेबियनने खुशाल वापरावं. मुलीचा चेहरा खुलला, पण तेवढ्यानेही भागत नव्हतं. डेबियनच्या त्याच तत्त्वांतल्या आठव्या कलमानुसार परवानगी एकट्या डेबियनपुरती असून चालत नाही. आमच्याकडून पॅकेज घेऊन पुढे बदलणाऱ्या, विकणाऱ्या प्रत्येकाला ती मिळायला हवी. शिवाय माझ्या इनबॉक्समधली परवानगी त्यांना दिसणार कशी? तसं सविस्तर लिहून, लायसन्स फाइलमध्येच घालण्याची विनंती केली. त्यांनी एमआयटी निवडलं आणि फाइलच्या माथ्यावर नाव-वर्षासह घातलं. मुलीने ‘कॉपीराइट’ फाइलमध्ये त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद केला, खाली पूर्ण मजकूर उतरवला, आणि मी पॅकेज अपलोड केलं.