अकरावी ओळ

"तो थकबाकीदार नाही हो साहेब. त्याची हळद अजून रानात आहे."

आज बँकेतल्या कर्जवसुलीच्या मीटिंगमध्ये आमचे शिपाईमामा चहाचे कप ठेवता ठेवता बोलले आणि सगळेच गप्प झालो. समोर कॉम्प्युटरचा रिपोर्ट. अकरावी ओळ लाल. नोटीस काढायचं जवळपास ठरलंच होतं.

जागेवर येऊन खातं उघडलं. कर्जाच्या प्रकारात पीककर्जाऐवजी साध्या कर्जाचा कोड पडलेला. साध्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, थकीत कर्ज. कमी मुदतीच्या पिकाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दोन हंगामांची मुभा आहे. मेमध्ये लावलेली हळद जानेवारीनंतर निघणार, मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे सांगलीच्या यार्डात सौदा आणि हातात पैसा.

कोडमधला एक आकडा चुकला. पुढचं सगळं गणित बिनचूक झालं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

ती नोंद कदाचित मीच केली असेल. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

रिपोर्ट नकोत असं अजिबात नाही. ताळमेळाला पूर्वी रात्री जागायचो, आता काही मिनिटं लागतात. पण जुन्या खतावणीत नावापुढे पेन्सिलीने 'हळद विकल्यावर भरणार' असं लिहिलेलं असायचं, आणि संचालक ते वाचायचे. रिपोर्टमध्ये तो रकानाच नाही.

तुमच्याकडे सही करण्याआधी खातं कोण उघडून बघतं?