आमची वाटचाल : छत्री, चिंचोके आणि जुनं ठाणं

दुकानाच्या पाटीवर अजून ‘यात्रा व सहली’ असंच आहे. नवी पाटी करायला जो आकडा सांगितला गेला त्यात दोन रविवारच्या फेऱ्यांची कमाई जाते, म्हणून जुनीच राहू दिली. लोक आत येतात, ‘चारधाम कधी निघतेय?’ विचारतात. मी सांगतो, चारधाम बंद, आता टेंभी नाका, म्हणजे जुन्या ठाण्याची पायी फेरी. काही हसतात, काही पुढच्या दुकानात जातात.

1998 साली मी आणि भाऊ, दोघांनी मिळून पहिली अष्टविनायक नेली. भाऊ म्हणजे माझा भागीदार, चिपळूणकडचा. नात्यातला नव्हे, पण सगळे त्याला भाऊच म्हणायचे. बस भाड्याची, टू बाय टू, पुशबॅकचं नाव नाही. खोपटला तिघं चढली, नितीन कंपनीला एकही नाही आणि तीन हात नाक्याला एकदम एकोणीस. भाऊ म्हणाला, बघ, धंदा झाला. त्या फेरीत आम्हाला चौदाशे रुपये तोटा झाला, पण ते घरी कुणाला सांगितलं नाही.

भाऊची सामग्री अजून डोळ्यासमोर आहे. दोन भट्ट्या, एकोणीस किलोचं सिलिंडर, एक तीस माणसांचं पातेलं आणि एक पन्नासचं, दोन्ही पितळी, आतून कल्हई केलेली. झारा, डाव, भाकरीचा तवा, आणि त्याच्या आईची कणीक मळायची परात. गाडी थांबल्यापासून चाळीस मिनिटांत पिठलं-भाकरी पंगतीत. सीट जाहिरातीने एकदा भरते, पुढच्या वर्षी ती स्वयंपाकी भरतो. हे मी आजच्या पॅकेजवाल्या पोरांना सांगतो तेव्हा ती मोबाइलमध्ये बघत असतात.

चिंचोक्यांची गोष्ट त्याच काळातली. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एक आजी अर्ध्यात दम खायला बसल्या. आम्ही वर जाऊन दर्शन घेऊन खाली आलो, गाडीत बसलो आणि थेट ओझर गाठलं. तिथे प्रसादाच्या रांगेत त्यांची सून म्हणाली, ‘अहो, आमच्या आई?’ गाडी उलटी फिरवली. आजी त्याच पायरीवर, शेजारच्या बाईला लोणच्याची कृती सांगत बसलेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप नाही. तेव्हापासून माझ्या उजव्या खिशात प्रवासी तितके चिंचोके. माणूस चढला की एक चिंचोका डाव्या खिशात. तोंडाने मोजणारा माणूस गप्पांत चुकतो, खिसा चुकत नाही. आजही कोर्ट नाक्याला रस्ता ओलांडला की मी हेच करतो.

पुढची वीसेक वर्षं नीट गेली. स्वतःची मिनीबस घेतली, मुलगी शिकली, भाऊ गुडघ्यांमुळे गावी परतला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते 2020 चं. काशी-प्रयाग-अयोध्या, 44 सीट, निघायची तारीख 11 एप्रिल. फुल्ल. इतक्या वर्षांत उन्हाळ्याची यात्रा फेब्रुवारीतच भरलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्या आनंदात तिकडच्या हॉटेलवाल्याला शंभर टक्के आगाऊ रक्कम देऊन बसलो. दहा टक्के सूट मिळत होती ना! पाडव्याला 25 मार्च होता. कोपिनेश्वरापासून निघणारी स्वागतयात्रा रद्द आणि त्याच दिवसापासून देश बंद. रेल्वेने तिकिटाचे पैसे परत केले. हॉटेलवाल्याने दिली क्रेडिट नोट. आता मला सांगा, ठाण्यात घरात कोंडलेल्या माणसाला काशीतल्या खोलीची क्रेडिट नोट काय कामाची?

44 जणांचे फोन. पहिल्या आठवड्यात ‘तब्येत सांभाळा’ म्हणत होते, मे महिन्यात ‘ग्राहक मंचात जाईन’ म्हणायला लागले. त्यांचंही चुकत नव्हतं, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं माणूस दवाखान्यात. मिनीबस दारात उभी आणि हप्ता चालू. फायनान्सवाल्यांनी दिवाळीआधी ती नेली. जाताना तिच्या कॅरियरवर आमची ताडपत्री तशीच बांधलेली होती, ती सोडायचं मला सुचलं नाही. मग भाऊला फोन करून विचारलं आणि दोन्ही पितळी पातेली जांभळी नाक्यावर वजनावर विकली. मोडीचा भाव. ज्या पातेल्यातल्या आमटीसाठी लोक वर्षाआधी नाव नोंदवायचे, त्याचं दुकानदाराने बोटाने टकटक करून वजन सांगितलं. परात विकली नाही. शेवटच्या माणसाचे शेवटचे साडेतीन हजार मी 2023 च्या मार्चमध्ये दिले, वहीत सही घेऊन. सगळी 44 नावं खोडलेली ती वही गल्ल्यात आहे, कुणाला बघायची असेल तर या.

(धंदा नवीन सुरू करणाऱ्यांना एक सांगतो. दहा टक्क्यांच्या सुटीसाठी शंभर टक्के आगाऊ कधीही देऊ नका. आणि पार्टीला पैसे परत देताना रोख दिलेत तरी सही घ्या.)

फेरीची कल्पना माझी नव्हे, परिस्थितीची. 2021 च्या जानेवारीत लोकल अजून सर्वसामान्यांना बंद होती. आख्ख्या ठाण्याचा रविवार ठाण्यातच अडकलेला. तलावपाळीच्या कट्ट्यावर मास्क लावून बसलेली माणसं बघत होतो. बायको म्हणाली, ‘तुम्ही लोकांना काशी दाखवता, यांना हा तलाव तरी कुणी दाखवलाय का?’ पुढच्या रविवारी सकाळी सातला पहिली फेरी निघाली. पाच माणसं, त्यातली तीन सासरची.

चौथे आमचे मोटरमनकाका. रेल्वेतून निवृत्त, कोपरीत राहतात, शर्टाच्या खिशात अजून छोटी वही आणि दोन पेनं. मी स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली उभा राहून सुरुवात केली : 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि शहेनशाह. काका मान हलवत होते, शेवटच्या नावाला थांबले. तिथे काही बोलले नाहीत. रात्री फोन आला. ‘सुलतान. शहेनशाह नव्हे. आणि दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी सुटली, तेही सांगत जा. गाडीची वेळ न सांगता गाडीबद्दल बोलू नये.’ तेव्हापासून सांगतो. त्यांचंच आणखी एक : मुंबईकर म्हणतो पहिली गाडी मुंबईहून सुटली, ठाणेकराने म्हणावं पहिली गाडी ठाण्याला आली.

काका तेव्हापासून येताहेत. दर वेळी पूर्ण पैसे. मी घेत नाही म्हटलं तर म्हणतात, पासवर खूप फिरलो, आता तिकीट काढू दे.

माझी हत्यारं आता कमी झाली. काळी छत्री, टोकाला लाल चिंधी बांधलेली, कारण जांभळी नाक्याच्या गर्दीत माणूस हरवतो पण चिंधी दिसते. कमरेचा स्पीकर घेतला होता, तो देवळात आणि चर्चजवळ बंदच ठेवावा लागतो आणि बाजारात ऐकू येत नाही, तेव्हा माळ्यावर गेला. लॅमिनेट केलेली जुनी छायाचित्रं सहा. चिंचोके. आणि वही, तिच्यात नावापुढे एक रकाना : चप्पल की बूट. नव्या बुटाची माणसं मी मागे ठेवतो, ती टेंभी नाक्याला लंगडायला लागतात.

रस्ता असा. स्टेशनवरून बाजारातून जांभळी नाका. सातला भाजीच्या गाड्या लागत असतात, नऊनंतर तिथून वीस माणसं एका रांगेत काढून दाखवा, मी फेरी फुकट देईन. वाटेत मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 चं. तिथे उभं राहून मी विचारतो, शेवटचं पुस्तक बदलायला कधी गेला होतात? सगळे चपलांकडे बघतात. मग कोपिनेश्वर. आत्ताचं देऊळ साधारण 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं, 1879 मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून दुरुस्त केलं. देवळासमोर मासुंदा. रोजच्या बोलण्यात तलावपाळी. कारंजी आणि रंगीत दिवे आले, काठ बांधला, कट्टे झाले. दिवे मला भडक वाटतात, पण कट्ट्यावर पहाटे म्हातारी आणि रात्री पोरं बसायला लागली हे खरं. होडीत बसायचं असेल तर संध्याकाळी या. सकाळी पाणी नुसतं बघावं.

काठावरच गडकरी रंगायतन, 1978 चं, राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं. ते दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा माझी संध्याकाळची फेरी निम्मी झाली, कारण लोक फेरी करून नाटकाला जायचे. परगावच्या पाहुण्याला ठाणं दाखवायचं असेल तर सकाळी फेरी, मग मामलेदार मिसळ, घरी झोप आणि दुपारचा प्रयोग. हा क्रम बदलू नका. मिसळ आधी खाल्लीत तर कोपिनेश्वरापासूनच पाणी शोधाल. आणि ‘तिखट’ म्हणताना विचार करा, तिथे तिखट म्हणजे तिखटच.

मग सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, टेंभी नाका, आणि शेवटचा थांबा तुरुंग. समोर घोळका करू नये हे मला कळतं, म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहतो. तुरुंग म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई मुद्दाम ठेवलेले. एका अंमलदाराच्या घोड्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा आणि गाण्यातच पळायचा बेत सांगायचा. गोऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी पसार. हे सांगताना मी चार ओळी माझ्याच बनवलेल्या गातो. आवाज बरा नाही, पण सोसायटीतली इंग्रजी शाळेतली पोरं तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकायला लागतात. मग आवाज खाली करून पुढचं : इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे, 1848. नाशिकच्या जॅक्सन वधातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे, 19 एप्रिल 1910. सगळे इथेच फासावर गेले. तिथे फेरी संपते. पूर्वी मी मधे विनोद करायचो, काकांनी डोळ्यांनी बंद केला.

आता त्या पोराचं सांगतो, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो असं बायकोचं म्हणणं आहे.

पहिल्या फेरीला पाचवा तोच. मग मदतनीस म्हणून राहिला. हुशार. छत्री कशी धरायची, रांगेच्या मागे कोण ठेवायचं, आजोबा दमलेत हे त्यांच्या न बोलण्यावरून कसं ओळखायचं, सगळं मी शिकवलं. 2022 च्या गणपतीनंतर येईनासा झाला. दिवाळीत मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ दाखवला : छत्री, तिला चिंधी, फक्त पिवळी. माझाच रस्ता, माझेच थांबे, त्याच क्रमाने. भाव 99 रुपये. माझा 200, मिसळीसकट. ग्रंथसंग्रहालयापुढचा प्रश्नही तोच. रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, मान्य. तलाव माझा नाही, त्र्यंबकजी माझे नाहीत. पण ‘शेवटचं पुस्तक कधी बदललंत’ हे माझं आहे हो!

त्या हिवाळ्यात माझी फेरी चार माणसांवर आली. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने फोनवर सांगितलं, ‘तो तरुण आहे, रील पण करून देतो.’ मीही 99 करणार होतो. काका म्हणाले, ‘थांबा जरा. गाडी बाजूच्या लूपलाइनला टाकली म्हणजे रद्द झाली असं नव्हे.’ थांबलो. त्यांनी एका रविवारी 99 रुपये भरून पोराची फेरी केली, मला न विचारता. दुपारी दुकानात आले, खुर्चीत बसले आणि पाच मिनिटं नुसते हसत राहिले. ‘शहेनशाह’, शेवटी म्हणाले. ‘अजून शहेनशाहच सांगतोय.’

माझी पहिली वही घेऊन गेला होता. दुरुस्ती दुसऱ्या वहीत होती.

फेरी नंतर सावरली, का ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक मिसळीमुळे. दर पावसाळ्यानंतर नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासात जाते आणि माझा एखादा थांबा पत्र्याच्या कुंपणाआड जातो. लॅमिनेट केलेला फोटो तेवढा राहतो. एका पाडलेल्या घराच्या जागेवर आता कॉफीचं दुकान आहे, तिथल्या मुलीने भिंतीवर लावायला तो फोटो मागितला. प्रत दिली. भाडं मागायला हवं होतं, असं माझी मुलगी म्हणते.

गेल्या महिन्यात कोपिनेश्वराच्या दारात दोन्ही फेऱ्या समोरासमोर आल्या. त्याची पंचवीस माणसं, माझी अकरा. तो पुढे आला, वाकून नमस्कार केला, ‘काका, बरे आहात ना?’ म्हणाला. मी काय बोलणार? बरा आहे म्हटलं, आईची चौकशी केली. तेवढ्यात मागून मोटरमनकाका त्याच्या पंचवीसच्या पंचवीस माणसांना ऐकू जाईल असे ओरडले, ‘सुलतान!’ पोराला काही कळलं नाही. मी गडबडीत एक चिंचोका जास्त टाकला आणि तुरुंगापर्यंत बारावा माणूस शोधत होतो.

फेरी दर रविवारी सकाळी सात वाजता, स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसखाली. काळी छत्री, लाल चिंधी. लाल नीट बघून घ्या. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही. नवे बूट घालू नका.